सवड आणि वेळ

अंबाजोगाईच्या आमच्या घरात ‘सवडीने करू’ आणि ‘वेळेवर करू’ यांचा अर्थ कधी एक झाला नाही. सवडीवर टाकलेले काम म्हणजे टाकलेलेच काम, असे माझ्या शिक्षक वडिलांचे मत. पुढे लिनक्सचे ड्रायव्हर वाचणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग झाला, आणि हा भेद तेथे पुन्हा भेटला.

कळ दाबली की तिच्या आतला संपर्क क्षणभर थरथरतो. एकदा दाबलेली कळ अनेकदा दाबल्यासारखी भासते. म्हणून ‘जीपीआयओ कीज’ हा ड्रायव्हर काही मिलिसेकंद थांबून मगच तिची स्थिती वाचतो. पूर्वी हे काम ‘वर्कक्यू’कडे, म्हणजे कामांच्या रांगेकडे असे: अवधी सरला की ते रांगेत लागे आणि प्रोसेसरला सवड झाली की होई. अवधीचे मापही जाडेभरडे; सेकंदाला 100 ठोके असतील तर 10 मिलिसेकंदांहून बारीक मोजता येत नसे. 2021 साली तेथे सूक्ष्म टायमर आला. तो वेळ पाळतो. पण त्याच्या कामाला मध्येच कुणाची वाट पाहत झोपता येत नाही. म्हणून संथ तारेवरून, दुसऱ्या चिपमार्फत वाचाव्या लागणाऱ्या कळीसाठी जुनी रांग राखून ठेवली आहे.

वडिलांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मी दोन वर्षे अशाच रांगेत ठेवली होती. तारीख घेतली की थांबायची मुभा संपते, हे मला ठाऊक होते. अखेर घेतली. पट्टी निघाल्यावर त्यांनी आधी भिंतीवरचे घड्याळ वाचले आणि ते पाच मिनिटे मागे असल्याचे सांगितले.