सुटलेला मासा

मनुष्य आपल्या हानीच्या ज्या कथा सांगतो, त्यांपैकीं बहुतेकांना श्रोत्यांची सहानुभूति मिळते. व्यापारांत बुडालेला पैसा, प्रवासांत हरवलेली पेटी, थोडक्यांत हुकलेली जागा यांविषयीं ऐकतांना कोणी हंसत नाहीं. परंतु हातून निसटलेल्या मोठ्या माशाची गोष्ट सुरू होतांच ऐकणाराच्या ओंठांवर एक विशिष्ट स्मित उमटतें, आणि सांगणाराचे दोन हात एकमेकांपासून जसजसे दूर जातात, तसतसें तें रुंदावत जातें. आमच्या कॉलेजांतील प्राध्यापकांच्या खोलींत हा अनुभव मीं इतक्या वेळां घेतला आहे कीं, अलीकडे माशाविषयीं बोलतांना मी हात खिशांतच ठेवतों.

रत्नागिरीच्या दक्षिणेस भाट्याजवळ काजळी नदी समुद्रास मिळते. खाडीच्या एका अंगाला राजिवड्याची मच्छिमारांची वस्ती, दुसऱ्या अंगाला भाट्याचा लांबलचक वाळूचा किनारा, आणि वायव्येस समुद्रांत शिरलेला रत्नदुर्गाचा डोंगर, असा हा उपसागर आहे. पावसाळा सरल्यावर सुटीच्या दिवशीं पहांटे मी येथें कयाक घेऊन गळ टाकावयास जातों. कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची नाव. लांकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून ते ती करीत. माझी प्लॅस्टिकची आहे आणि तिचें वजन तीस किलोंच्या आंतबाहेर आहे. आपल्या कोंकणी होडीला तोल सांभाळणारी उलांडी असते; हिला तीहि नाहीं. बसणाराची कंबर जवळजवळ पाण्याच्या पातळीवर असते. इन्युइट शिकारी आपल्या भाल्याची दोरी नावेला न बांधतां हवेनें फुगवलेल्या कातड्याच्या पखालीला बांधीत, म्हणजे जखमी सील ती पखाल ओढून ओढून थके. या योजनेंतलें शहाणपण मला पहिला मोठा मासा लागला तेव्हां कळलें.

किनाऱ्यावर किंवा मोठ्या होडींत पाय रोवून उभें राहतां येतें. कयाकमध्यें तशी सोय नाहीं. माशानें धांव घेतली कीं तिचें तोंड आपोआप त्याच्याकडे वळतें आणि ती त्याच्यामागून चालूं लागते. ही दुर्बलता मोठ्या उपयोगाची आहे. जेथें दोरा तुटला असता तेथें नाव पुढें सरकते, आणि तिचा पाण्याशीं होणारा विरोधच माशाला हळूहळू दमवितो. तरीहि माझे तीन मोठे मासे गेले. पहिला रत्नदुर्गाखालच्या खडकांत शिरला आणि तेथील कालवांच्या धारेवर दोरा कापला गेला. तो मला दिसलाहि नाहीं. दुसरा जिताडा होता. त्यानें पाण्याबाहेर उडी घेतली, कल्ले फाकून मान झटकली, आणि गळ माझ्याकडे परत आला. तिसराहि जिताडाच. ऐन ओहोटीला त्यानें मला खाडीच्या मुखापासून कितीतरी दूर ओढीत नेलें. शेवटीं तो कयाकला समांतर आला. माझ्या वल्ह्याच्या पात्यापासून मधल्या सांध्यापर्यंत भरेल एवढी त्याची लांबी होती. मी जाळी उचलतों न उचलतों तोंच तो नावेखालीं बुडाला, आणि इतका वेळ ताठ असलेला दोरा एकाएकीं सैल पडला.

शतपथ ब्राह्मणांत मनूची कथा आहे. सकाळीं हात धुतांना त्याच्या हातांत एक लहानसा मासा आला. त्यानें त्याला घटांत ठेवलें. घट पुरेना तेव्हां खड्ड्यांत ठेवलें. खड्डाहि पुरेना तेव्हां समुद्रांत सोडलें. पुढें जलप्रलय झाला, तेव्हां त्याच माशाच्या शिंगाला मनूनें आपल्या नावेची दोरी बांधली. माझे सहकारी म्हणतात कीं, तुमचेहि मासे असेच वाढतात. चहाच्या पहिल्या पेल्याला ओंजळींतले असतात आणि दुसऱ्या पेल्यापर्यंत समुद्रांत मावत नाहींत. मला हा आरोप मान्य नाहीं. हातीं लागलेला मासा तराजूंत पडतो, त्याला एक आंकडा मिळतो, आणि त्याची वाढ तेथेंच थांबते. सुटलेल्या माशाची आठवण असते ती डोळ्यांची नव्हे, मनगटांची. मनगटांना ओढ कळते, लांबी कळत नाहीं. आणि ऐकणारा तर नेहमीं लांबी विचारतो. तेव्हां सांगणारा जें करतो ती अतिशयोक्ति नसून भाषांतर असतें, आणि भाषांतरांत मूळ मजकूर थोडासा फुगतो हें भाषेच्या कोणाहि अध्यापकाला ठाऊक आहे.

मात्र या साऱ्या चर्चेला एक मर्यादा आहे, आणि ती मला राजिवड्यांतील एका वृद्ध मच्छिमारानें दाखवून दिली. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या ‘मानसोल्लासा’मध्यें मत्स्यविनोदाचें प्रकरण आहे, इंग्रजींत १६५३ सालीं वॉल्टननें गळाच्या छंदावर ग्रंथ लिहिला. दोन्हीकडे मासा हा विनोदाचा विषय आहे. या गृहस्थांना मी चाचा म्हणतों. माझ्या तिसऱ्या माशाची हकीकत त्यांनीं न हंसतां ऐकून घेतली आणि जाळें विणतां विणतां ते म्हणाले, “सर, तुमचा सुटतो तो मासा. आमचा सुटतो तो दिवस.” स्वतःच्या सुटलेल्या माशांविषयीं बोलतांना ते हात फाकवीत नाहींत; बाजारभाव सांगतात. ज्याच्या चुलीचा माशाशीं संबंध नाहीं, त्यालाच हानीची गोष्ट रंगवून सांगण्याची चैन परवडते.

यानंतर मीं जिताड्याविषयीं वाचन केलें. गोव्याकडे ज्याला चोणक म्हणतात तो हाच मासा. हा प्रथम नर म्हणून वयांत येतो आणि कांहीं वर्षांनीं, पुरेसा मोठा झाल्यावर, मादी होतो. माझा तिसरा मासा त्याच्या लांबीवरून बहुधा मादी असावा. अशी मोठी मादी हंगामांत लक्षावधि अंडीं घालते, तीं खाडीच्या मुखाशीं खाऱ्या पाण्यांत. म्हणजे माझ्या हातून जें गेलें तें उपसागराच्या पदरीं पडलें. ही माहिती मीं चाचांना मोठ्या उत्साहानें सांगितली. ती त्यांना नवी नव्हती. मोठा जिताडा कापला कीं हंगामांत गाभोळीच निघते, हें ते लहानपणापासून पाहत आले होते. परंतु या ज्ञानानें त्यांचा गेलेला दिवस भरून येत नाहीं. जें समाधान मला फुकट मिळतें, तें त्यांच्यापुढें मांडण्याचा मला अधिकार नाहीं, इतकें मला तेव्हां उमगलें.

माझ्यापुरतें एक कर्तव्य मात्र मीं ठरवून घेतलें आहे. तुटलेला लांब दोरा तोंडांत घेऊन जाणारा मासा कालवांत अडकून मरतो. तें मरण ना माझ्या उपयोगाचें, ना खाडीच्या. म्हणून गळाच्या अलीकडे मी मुख्य दोऱ्याहून कमजोर असा लहानसा तुकडा बांधतों. तुटायचेंच झालें तर तें माशाच्या तोंडाजवळ तुटावें. गळ साध्या लोखंडाचा वापरतों, म्हणजे खाऱ्या पाण्यांत तो लौकर गंजून जातो. त्याचा उलटा कांटाहि पकडीनें चेपून टाकतों. परिणाम असा कीं, पूर्वीपेक्षां अधिक मासे सुटतात. चाचांनीं ही तयारी पाहून विचारलें, “मग सर, गळ तरी कशाला बांधतां?”

प्रश्न योग्य होता. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाला विरोध करणारें फारसें कोणी उरत नाहीं. विद्यार्थी परीक्षेच्या भीतीनें ऐकून घेतात, घरचीं माणसें वयाकडे पाहून. दोऱ्याच्या दुसऱ्या टोंकाला असलेला मासा यांपैकीं कांहींच जाणत नाहीं. जितका वेळ तो ओढतो, तितका वेळ माझें वजन, माझी विद्या आणि माझी होडी त्याच्या मर्जीनें चालते. आणि दोरा तुटल्यावरहि ती क्षणभर, मिळालेल्या वेगानें, तो गेला त्याच दिशेला पुढें सरकत राहते.