माशी की दुर्बीण

ज्या शिस्तीसाठी आपण शाळेत छड्या खाल्ल्या, तो शब्द मूळचा शाळेतला नाही. फारसीतून आलेल्या या शब्दाचं जुन्या मराठीत बंदुकीशी नातं होतं. शिस्त धरणं म्हणजे नेम धरणं: डोळा, नळीच्या टोकावरची माशी आणि समोरचं जनावर एका रेषेत आणणं. आमच्या घरात तो याच अर्थाने टिकून होता. ‘दादांची शिस्त पक्की होती’ असं अब्बा सांगायचे, तेव्हा दादा फार वक्तशीर असावेत अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

दादा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. कळमनुरी तालुक्यात आमचं शेत होतं आणि त्यांच्याकडे पिकाच्या राखणीसाठी परवाना असलेली ठासणीची बंदूक होती. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ वाचलं तर गंमत वाटते. स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी बंदूक हवी असेल तर तिची नळी आतून गुळगुळीत आणि निदान २० इंच लांब हवी, असं ते सांगतं. पण पिकाच्या राखणीसाठी म्हणून ठासणीच्या बंदुकीचं वेगळं नाव घेतं. विळा, वखर, मोट यांच्या रांगेत बसेल अशी ही एकच बंदूक.

तिचं भरणं मी लहानपणी पाहिलंय. आधी नळीच्या तोंडातून मापाने दारू. मग चिंधी, ती गजाने ठासायची. मग छर्रे किंवा एक शिशाची गोळी, पुन्हा चिंधी, पुन्हा ठासणं. शेवटी मागे केप बसवायची आणि घोडा चढवायचा. घाई केली तरी मिनिटभर जायचा. एक बार चुकला की हरणांचा कळप पुढच्या शिवारात. जागलीच्या रात्री ती बहुतेक वेळा नुसत्या आवाजासाठीच उडायची, गोळी न घालता.

नळीच्या टोकावर ज्वारीच्या दाण्याएवढी पितळी माशी होती. मागे खाच वगैरे काही नव्हतं. म्हणजे मागची खाच म्हणजे बंदूकवाल्याचा स्वतःचा डोळा. गाल दस्त्यावर दरवेळी नेमका त्याच जागी टेकला तरच डोळा त्याच जागी येतो आणि गोळी सरळ जाते. गाल जरा वर राहिला की गोळी वरून. अब्बा ज्याला दादांची शिस्त म्हणायचे ती ही, गालाची.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. तो अमेरिकेत असतो. तिकडे कितीतरी राज्यांत ठासणीच्या बंदुकीच्या शिकारीचा वेगळा हंगाम असतो. परवाना काढायचा, हरीण मारायचं, मांस घरी आणायचं, सगळं कायदेशीर. त्याने फोनवर विचारलं, ‘मामू, नवी बंदूक घेतोय. माशी ठेवू की दुर्बीण बसवू?’ मला विचारावं असं माझ्यात काही नाही. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि दादांची शिकार थांबली. माझ्या वाट्याला फक्त ती बंदूक पुसणं आलं. पण त्याला दादांचं ऐकायचं होतं.

दुर्बिणीची बाजू आधी सांगतो, कारण ती मजबूत आहे. उघड्या नेमात डोळ्याला तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात: जवळची खाच, त्यापुढची माशी आणि लांबचं जनावर. डोळा एका वेळी एकच अंतर स्पष्ट पाहू शकतो. म्हणून जाणकार सांगतात, नजर माशीवर ठेवा, जनावर थोडं धूसर राहू द्या. चाळिशीनंतर ही माशीच धूसर होते. दुर्बीण हे भांडण मिटवते. तिच्यात खूण आणि जनावर एकाच पडद्यावर दिसतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला, म्हणजे हरीण बाहेर पडतं त्या वेळी, चांगल्या काचेतून उघड्या डोळ्यापेक्षा जास्त दिसतं. समोर फांदी आहे की शिंग, हरणामागे दुसरं हरीण आहे का, हे कळतं. भाचा पंचेचाळीस वर्षांचा आहे आणि चष्मा लावतो.

दादांच्या बंदुकीवर मात्र दुर्बीण बसवणं म्हणजे बैलगाडीला आरसा लावणं. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोल गोळी पन्नास-साठ पावलांपुढे आपल्या मनाने जाते, मग तुम्ही कितीही नीट बघा. आजच्या ठासणीच्या बंदुकीच्या नळीत पीळदार खाचा असतात आणि गोळी लांबट असते. ती दीडदोनशे यार्डांवरही नेमकी जाते, म्हणून तिला दुर्बीण शोभते. कोलोरॅडोसारख्या राज्यात या हंगामात दुर्बिणीला बंदी आहे, उघडी माशीच चालते. जुन्या पद्धतीची शिकार तर अंतरही जुनंच ठेवा, असा त्यामागचा हिशोब. भाचा राहतो तिथे दोन्ही चालतं, म्हणून प्रश्न.

पण त्याचा खरा प्रश्न मांसाचा होता. मुसलमान नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. शिकार आम्हाला मना नाही. सूरह माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी जनावराने पकडून आणलेली शिकार अल्लाहचं नाव घेऊन खायची परवानगी आहे. त्याच्याच आधीच्या आयतीत मात्र आघाताने, ठेचून मेलेलं जनावर हराम ठरवलंय. बाण धारेने रक्त काढतो, तो चालतो. अदी बिन हातिम यांनी पैगंबरांना फेकायच्या जाड काठीबद्दल विचारलं होतं. टोकाने लागली तर खा, आडवी लागून मेलं तर नको, असं उत्तर मिळालं. आता बंदुकीची गोळी कशात धरायची?

इथे दुसरा शब्द उपयोगी पडतो. बंदूक हा अरबी ‘बुंदुक’पासून आलेला शब्द. त्याचा एक अर्थ मातीची गोळी, पाखरं मारायची. बंदुकीची दारू अरबस्तानात पोचायच्या कितीतरी आधीच फिक्हच्या पंडितांनी या मातीच्या गोळीचा निकाल दिला होता: ती कापत नाही, ठेचते, म्हणून तिने मेलेलं खाऊ नये. पुढे तेच नाव शिशाच्या गोळीला आणि मग हत्याराला मिळालं. आपल्याकडच्या हनफी उलेमांनी बहुतेक करून तोच निकाल पुढे चालवला. बार काढताना बिस्मिल्लाह म्हटलं तरी पुरत नाही. जनावर जिवंत असताना पोचून सुरीने जबह करायला हवं. येमेनचे इमाम शौकानी यांचं मत वेगळं होतं: गोळी आरपार जाते, म्हणजे ती बाणासारखीच. आज अनेक आलिम तेच मानतात. दादा हनफी होते, आणि त्यांच्या बंदुकीत तर खरोखरच गोल गोळी.

म्हणून अब्बा सांगायचे ते अंतर बंदुकीचं नव्हतं, पायांचं होतं. दादा पन्नास पावलांपलीकडच्या जनावरावर बार काढत नसत. गोळी पोचली नसती म्हणून नव्हे. काळ्या मातीच्या नांगरटीतून, धुरातून वाट काढत, कमरेची सुरी उपसत ते वेळेत पोचले नसते म्हणून. बार उडाला की हातातली बंदूक टाकून पळायचं. आखाड्यावरचा सालगडी आधीच कडेला उभा असायचा, जनावर कुठे वळतं ते बघायला. तरीही कित्येकदा उशीर व्हायचा. मेलेलं हरीण समोर पडलेलं, आणि घरात खाणारी तोंडं नऊ. दादा ते तिथेच सोडून यायचे. दादी एकदाच म्हणाली म्हणे, की मग मारलं कशाला? यावर दादांनी काय उत्तर दिलं ते अब्बांनी कधी सांगितलं नाही.

दादीचा प्रश्न मला सगळ्या फतव्यांपेक्षा जड वाटतो. तिकडचे शिकारी शिकवतात की गोळी काळजात किंवा फुप्फुसात बसली पाहिजे, जनावर काही क्षणांत संपलं पाहिजे. यात दया आहे, आणि जनावराला कमीत कमी त्रास द्या ही शिकवण आपलीही आहे, म्हणून तर सुरीला धार लावायची. पण हनफी शिकाऱ्याला जनावर काही क्षण जिवंत हवं असतं. एकाच गोळीकडून दोन उलट मागण्या. पन्नास पावलांनी हे कोडं सुटत नाही, फक्त थोडं लहान होतं.

भाच्याला मी सांगितलं की आधी निकाल कोणाचा मानतोस ते ठरव, नेमाचं साधन मागून येईल. शौकानींचं मानत असशील तर बेशक दुर्बीण लाव, कारण चष्म्याआडच्या अंदाजाने जखमी करून पळवलेलं हरीण कुठल्याच मजहबमध्ये चांगलं नाही. दादांच्या वाटेने जाणार असशील तर दुर्बीण दीडशे यार्डांवरचं हरीण जवळ आणून दाखवील, तुझे पाय मात्र होते तिथेच राहतील. माझा कल उघड्या माशीकडे आहे. जनावर लांब असेल तर माशी त्याला झाकून टाकते आणि बार काढायचं मन होत नाही. दुर्बिणीत सगळंच शक्य वाटतं.

इकडे हिंगोलीत उलटा पेच. रोही आणि रानडुकरं सोयाबीन, हरभरा, हळद तुडवतात. शेतकरी झटका मशीन लावतात, रात्रभर फटाके फोडतात. उपद्रवी जनावराला मारायला कायद्याच्या कलम ११ मध्ये परवानगीची सोय आहे, पण त्या वाटेला जाणारा आमच्या ओळखीत कोणी नाही. त्यात रोहीचं दुसरं नाव नीलगाय. आज रात्री शिवारात एखादा मुसलमान ठासणीची बंदूक घेऊन रोहीमागे पळताना दिसला, आणि हातात सुरी, तर सकाळपर्यंत त्याची काय गोष्ट झालेली असेल ते वाचकांना सांगायला नको. दादांची बंदूक त्यांच्या इंतकालनंतर अब्बांनी पोलीस ठाण्यात जमा केली. सुरी घरी आहे.

भाच्याने शेवटी मागे बारीक भोक आणि पुढे जाड माशी असलेली, काचेशिवायची जोडी बसवली. भोकातून पाहिलं की चष्म्यातूनही माशी स्पष्ट दिसते, म्हणे. पन्नास पावलांवर त्याच्या पाच गोळ्या बशीएवढ्या जागेत बसतात. अडचण एकच: कायद्याने बार काढायची वेळ संपायच्या वीसेक मिनिटं आधीच संध्याकाळी माशी दिसेनाशी होते, आणि हरणं नेमकी तेव्हाच झाडीबाहेर येतात.

‘मग काय करतोस?’ मी विचारलं.

‘केप काढतो आणि बघत बसतो, मामू.’