सात पॉइंटांचा हिशोब

परवा शनिवारी ब्रिजमध्ये एक गेम घालवला. म्हणजे हरलो वगैरे नाही, उलट चांगले दहा हात झाले. पण तेच जास्त लागलं!

माझे भिडू म्हणजे सोसायटीतले एक रिटायर्ड काका. त्यांनी 'एक इस्पिक' बोली लावली. माझ्याकडे राजासकट चार इस्पिक, एक्क्यासकट पाच चौकट, किलवरची तीन फालतू पानं आणि बदामची एकटी पंजी. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक, हे मिल्टन वर्कच्या नावाने ओळखलं जाणारं गणित. माझे भरले सात. मी 'दोन इस्पिक' म्हटलं. तेरा पॉइंट असलेल्या काकांनी पास दिला. गेमला दोघांत मिळून साधारण २६ लागतात, आमचे २०. हिशोब चोख.

मग खेळ झाला. काकांकडे एक्का-राणीसकट पाच इस्पिक, एक्क्यासकट चार बदाम, चौकटचं एकच पान आणि राजासकट तीन किलवर. त्यांचे बारीक बदाम माझ्या हुकुमांनी कापले, माझे चौकट त्यांच्या हुकुमांनी. गेले ते फक्त तीन किलवर. मिळाले १७०. 'चार इस्पिक' बोललो असतो तर किमान ४२०.

काका एवढंच म्हणाले, "अरे, तू चित्रं मोजलीस, पानं कुठे मोजलीस?"

खरंय. हुकूम जुळले की एकटं पान हीच ताकद होते. चार्ल्स गोरेन यांनी १९४९ च्या पुस्तकातून पॉइंट मोजणं लोकप्रिय केलं. त्यांच्या पद्धतीत चार हुकुमांचा पाठिंबा देताना एकट्या पानाचे तीन पॉइंट वाढतात. म्हणजे माझे दहा होते, बोली 'तीन इस्पिक' हवी होती. दुसरी रीत जाणारे हात मोजायची. प्रत्येक रंगातली वरची फक्त तीन पानं बघायची आणि त्यात एक्का, राजा, राणी यांपैकी जे नाही तो एक हात गेला. एकट्या पानाचा जास्तीत जास्त एकच. माझे आठ, काकांचे सहा. २४ मधून १४ वजा केले की उरले दहा. तंतोतंत!

अर्थात हुकूम जुळले नाहीत तर हे सगळं विसरायचं. आणि काकांचे पॉइंट बदामच्या राजा-राणीत असते, तर माझ्या पंजीसमोर ते बरेचसे वायाच गेले असते. पॉइंट तेवढेच, किंमत वेगळी. ती भिडूच्या पत्त्यांवर ठरते.

मला टोचलं ते मात्र दुसरंच. काकांनी पास दिला, कारण त्यांनी माझ्या बोलीवर विश्वास ठेवला. माझे पत्ते त्यांना दिसत नव्हते, माझी बोली हीच त्यांची माहिती. आणि मी सात या आकड्याआड लपून ती कमी सांगितली. चूक झालीच तर दोष आपल्यावर नको, ही भीती. हिशोब वगैरे नंतरचं निमित्त.

असो. येत्या शनिवारी आधी पानं मोजणार, मग चित्रं.