काकूंकडे सर्टिफिकेट आहे का?

नाहूरला फास्ट लोकल थांबत नाही, आणि इथल्या पाळणाघरांची वेळ त्यावरच ठरते. भांडुप आणि मुलुंड यांच्या मधलं हे स्टेशन. फोर्टातलं किंवा बीकेसीतलं ऑफिस सुटल्यावर गर्दीतून वाट काढत, स्लो गाडी पकडून आई-बाप घरी पोचेपर्यंत साडेसात-आठ वाजतात. तोवर बाळ काकूंकडे असतं. सकाळी आठ ते रात्री आठ, म्हणजे जागेपणीचा जवळजवळ सगळा दिवस. अशा काकू, त्यांच्या हाताखालच्या मुली, बांधकामांवरच्या पाळणाघरांतल्या ताया आणि अधूनमधून अंगणवाडीच्या सेविका यांना शिकवणं हे माझं काम.

पालक पाळणाघर बघायला जातात तेव्हा आधी सीसीटीव्हीची चौकशी होते, मग एसीची, मग जेवणाची. हल्ली एक प्रश्न वाढलाय: सर्टिफिकेट आहे का? काकू तोच प्रश्न माझ्याकडे घेऊन येतात. "ताई, नेमकं कुठलं सर्टिफिकेट लागतं हो?"

खरं उत्तर ऐकून दोन्ही बाजू गप्प होतात. घरच्या हॉलमध्ये दहा-बारा मुलं सांभाळणाऱ्या बाईचं शिक्षण किती असावं, हे सांगणारा कायदा महाराष्ट्रात नाही. थोडे कामगार असलेल्या छोट्या आस्थापनेने दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त सूचना द्यायची असते, आणि तीही सगळे देतात असं नाही. याउलट, शेजारच्या मुलुंडला जॉन्सनच्या कारखान्यात बेबी पावडर तयार व्हायची. नमुन्यांवरून शंका आली म्हणून २०२२ मध्ये एफडीएने त्या उत्पादनाचा परवाना रद्द केला, कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि २०२३ मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. कोण बरोबर होतं हा मुद्दा बाजूला ठेवू. पण पावडरीसाठी परवाना होता, तपासनीस होते, दाद मागायला कोर्ट होतं. ती पावडर दिवसातून तीनदा बाळाला लावणाऱ्या बाईसाठी यातलं काहीच नाही.

कायद्याला हा विषय सुचलाच नव्हता असंही नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम ४८ पाहा. तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघर हवं, आणि ते बालकांच्या व तान्ह्या मुलांच्या संगोपनाचं प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांच्या ताब्यात असावं, असं ते सांगत होतं. (मुळात हा आकडा पन्नास होता, १९७६ मध्ये तीस झाला.) एलबीएस रोडवरच्या बऱ्याच कारखान्यांच्या जागी आता टॉवर आहेत. टॉवर बांधणाऱ्या मजुरांसाठी १९९६ मध्ये वेगळा कायदा आला, त्याच्या कलम ३५ मध्येही जवळपास हीच भाषा होती. पण हे प्रशिक्षण किती दिवसांचं, कशाचं, कोणी द्यायचं आणि कोणी तपासायचं, हे या कलमांत नव्हतं. बांधकामांवरच्या मुलांसाठी दिल्लीत १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी 'मोबाइल क्रेशेस' सुरू केली आणि काही वर्षांत ती मुंबईतही आली. अशा संस्थांनी आपापला अभ्यासक्रम घडवला म्हणून 'प्रशिक्षण' या शब्दाला काही अर्थ आला.

पुढची मजल २०१७ ची. मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येईल असं ठरलं. २०१८ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने किमान मार्गदर्शक तत्त्वं काढली. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित बाई, तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक, हे प्रमाण त्यातलं. कागद चांगला आहे, पण तो कंपनीच्या काचेच्या इमारतीपुरता. आमच्या काकूंचा हॉल त्यात बसत नाही.

काकूंना खरोखर लागू होणारी एक तरतूद मात्र आहे आणि तिची कुणाला फारशी माहिती नसते. पॉक्सो कायद्याखालच्या २०२० च्या नियमांनुसार मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने, पाळणाघरांसकट, आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यायची असते. खारघरच्या पाळणाघरात आया दहा महिन्यांच्या बाळाला मारतानाचं चित्रण नोव्हेंबर २०१६ मध्ये टीव्हीवर फिरलं. त्यानंतर घरोघरी कॅमेऱ्याची चौकशी सुरू झाली, पडताळणीची झाली नाही. कॅमेरा झालेलं दाखवतो.

आता सर्टिफिकेटांच्या बाजाराविषयी. लोकलच्या डब्यात 'सहा महिन्यांत नर्सरी टीचर'चे स्टिकर असतात. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता असलेली पूर्वप्राथमिक शिक्षणाची पदविका दोन वर्षांची असते, हे त्या स्टिकरवर नसतं. तेही चालवून घेतलं असतं, पण असे कोर्स तीन ते सहा वयाचे. घोटीव कागदाची फुलं, बडबडगीतं, मण्यांच्या माळा. पाळणाघरात येणारं बाळ सात महिन्यांचं असतं. सहा महिन्यांची पगारी रजा संपली की आईला कामावर जायचंच असतं. त्या बाळाचं लंगोट, त्याचं दूध, त्याची झोप यांबद्दल या कोर्सांत अवाक्षर नसतं. मुलं सांभाळणं बायकांना उपजतच येतं, असं अभ्यासक्रम लिहिणाऱ्यांनीही धरून चाललेलं दिसतं.

उपजत येत नाही. वर्षाखालच्या बाळाच्या घशात शेंगदाणा अडकला तर बहुतेक बायका बोट घालून तो काढायला जातात आणि आणखी आत ढकलतात. बाळाला हातावर पालथं धरून, डोकं छातीपेक्षा खाली ठेवून, दोन खांद्यांच्या मधे पाच थापा. नाही निघाला तर उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब, आणि पुन्हा थापा. मोठ्या माणसाचं पोट दाबतात तसं वर्षाखालच्या बाळाचं दाबायचं नाही. हे व्याख्यानाने येत नाही, बाहुली हातात देऊन पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं. बाळाला झोपवायचं पाठीवरच, यावर तर दर वेळी भांडण होतं, कारण 'पालथं झोपलं की गाढ झोपतं' हा काकूंचा अनुभव खराच असतो. ती गाढ झोपच धोक्याची, हे पटवायला वेळ लागतो. आईने काढून दिलेलं दूध उकळायचं नाही, वाटीतल्या कोमट पाण्यात बाटली ठेवून गरम करायचं, उरलेलं टाकून द्यायचं. दूध टाकायला कोणाचाही हात धजत नाही. मग दीड वर्षाचं पोर दुसऱ्याला चावतं, ते प्रकरण. चावलेल्याला आधी जवळ घ्यायचं, चावणाऱ्याला मारायचं नाही, आणि संध्याकाळी दोन्ही आयांना काय सांगायचं याची तालीम मी अक्षरशः नाटकासारखी करून घेते.

औषधाचा धडा मी कधीच वगळत नाही. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं. त्याच नावाच्या नेहमीच्या सिरपमध्ये १२० मिलिग्रॅम असतं, पण पाच मिलिलिटरमध्ये. सिरपचं माप थेंबांच्या बाटलीला लावलं तर बाळाच्या पोटात चौपट औषध जातं. त्यामुळे डॉक्टरांची चिठ्ठी आणि आईची सही असल्याशिवाय औषध नाही, आणि दिलं की वहीत वेळ लिहायची. म्हणजे वाचता-लिहिता आलंच पाहिजे, त्यात सूट नाही.

पण त्यासाठी बारावी हवी का? अंगणवाडी सेविकेसाठी आता बारावी लागते, महाराष्ट्रात मदतनीसांच्या नव्या भरतीलाही तीच अट आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० तर बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा आणि कमी शिकलेल्यांना वर्षाचा अभ्यासक्रम सुचवतं. तीन ते सहाच्या मुलांसाठी मला हे मान्य आहे. अंगणवाडीचा 'आकार' अभ्यासक्रम वाचून तो वर्गात उतरवायला शिक्षण लागतंच. तान्ह्यांच्या बाबतीत मात्र बारावीची चाळणी चुकीच्या जागी लावलेली आहे. आठवी शिकलेल्या, वीस वर्षं मुलं सांभाळलेल्या बाईला ती आधी गाळते, आणि बाळ कधी हातात न घेतलेल्या मुलीला आत घेते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ मध्ये कोसबाडला गेल्या, तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावं हा त्यांचा मार्ग होता. प्रशिक्षणानेही तेच करावं. काकूंच्या हॉलमध्ये जावं, काम बघावं, चुकतं तिथे शिकवावं, आणि हातांची परीक्षा घेऊन दाखला द्यावा.

परदेशात काय चालतं ते पाहा. कॅलिफोर्नियात घरी पाळणाघर चालवणाऱ्या मराठी बायका आहेत. एकाहून अधिक कुटुंबांची मुलं घ्यायची तर परवाना लागतो. पदवी कोणी विचारत नाही. लहान मुलांचा प्रथमोपचार आणि सीपीआर शिकल्याचा दाखला मागतात, घर तपासतात, आणि घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाच्या बोटांचे ठसे घेतात. भारतातून राहायला गेलेल्या सासऱ्यांचेसुद्धा. इंग्लंडच्या पाळणाघरांत दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक मोठं माणूस लागतं. आपल्या सरकारी पाळणाघर योजनेत पंचवीस मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस. पंचवीसपैकी आठ जणांनी एकाच वेळी लंगोट भरवलं की प्रशिक्षण कितीही चांगलं असो, ते तिथेच संपतं. म्हणून पात्रतेच्या चर्चेत मी संख्येचा प्रश्न सोडत नाही.

आणि पैशाचाही. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी संप केला, तो पन्नासहून अधिक दिवस चालला. २०२४ च्या वाढीनंतर सेविकेचं मानधन तेरा हजारांवर गेलं, प्रोत्साहन भत्ता वेगळा. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायला एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. काकूंच्या हाताखालच्या मुलीला यापेक्षाही कमी मिळतं. मी शिकवलेल्या मुली वर्ष-दोन वर्षांत पवई-विक्रोळीच्या कंपन्यांच्या पाळणाघरांत जातात किंवा टॉवरमधल्या एखाद्या घरी नॅनी होतात, आणि मला त्यांचा रागही येत नाही. काकू पुन्हा नवी, न शिकलेली मुलगी ठेवतात आणि मला फोन करतात. "ताई, पुढची बॅच कधी?" मी तारीख सांगते आणि फीबद्दल दर वेळी तेच सांगते: ती मुलीच्या पगारातून कापायची नाही, पालकांच्या बिलात लावा. काकू म्हणतात, "पालक कुठले देतायत!" एसीचे देतात, असं मी म्हणते.