मुंबईचा सिम्फनी वाद्यवृंद आणि वादकांचे पोट

यवतमाळ जिल्ह्यातील बोरी अरबसारख्या गावातही पहाटे रेडिओ लावला की आकाशवाणीची जी संकेतधून कानी पडे, ती वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराची. नाझी सत्तेच्या छायेतून तो १९३४ साली मुंबईस आला. धुनीतील व्हायोलिन मेहली मेहता यांचे, असे सांगितले जाते.

याच मेहलींनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. वृंद होता, पण त्यावर पोट भरेल असे वेतन नव्हते. पुढे मेहली मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात गेले आणि नंतर अमेरिकेत स्थिरावले. पुत्र झुबिन त्याआधीच, १९५४ साली, व्हिएन्नास शिकावयास गेले होते.

मग मुंबईत वाजवणारे हात कोणाचे? बहुतांशी गोव्याचे. पोर्तुगीज अमलातील चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचावयास शिकवीत. ही विद्या मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंना हवीच होती. पन्नास-साठ व्हायोलिनांनी एकदम वाजवायचे, तर प्रत्येकासमोर लिहिलेला कागद हवा. शंकर-जयकिशन यांच्या गीतांतील तो भरदार नाद सेबास्टियन डिसोझा यांच्या लेखणीतून उतरला. पडद्यावर नाव मात्र संगीतकाराचेच.

या अनामिकपणास माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली उत्तर दिले. त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापून रागांवर आधारित रचना वाजविल्या. गायला लता मंगेशकर व मन्ना डे होते. प्रयोग थोर होता, पण टिकला नाही. १९६५ मध्ये गोन्साल्विस अमेरिकेस निघून गेले. शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील नायकास त्यांचे नाव दिले. गंमत अशी, की ते नाव देशाला पाठ झाले ते विनोदी गाण्यामुळे!

खरा व्यावसायिक वृंद २००६ साली उभा राहिला. नरीमन पॉइंटच्या एनसीपीएचे खुश्रू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला. वेतन आले, पण वादक? त्यांतील पुष्कळजण कझाकस्तानातून आणावे लागले, कारण स्टुडिओंत सिंथेसायझर आल्यावर मुंबईची जुनी फळी विखुरली होती आणि नवी घडविणारी शाळा नव्हती. २०१९ साली हा वृंद ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला, तेव्हाही त्यात भारतीय वादक थोडेच होते. एनसीपीएने २०१२ पासून लहान मुलांसाठी संगीतशाळा चालविली आहे.