आत ठेवलेली माया

रविवारी बाजारातून मासळी आणून दिली की मी कपडे शिवायला बसतो. सुई नाही, दोरा नाही, मशीनही नाही. समोर संगणक आणि शेजारी चहाचा कप. ऑफिसात हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. पंचेचाळिशी ओलांडलेला यूडीसी अठराव्या शतकातल्या फ्रेंच बायकांचे झगे शिवतो हे कळले तर फायलींपेक्षा माझीच चर्चा जास्त होईल!

त्याचे असे झाले. 'द सिम्स ४' नावाचा एक खेळ आहे. माणसे तयार करायची, त्यांना घर बांधून द्यायचे, जेवू घालायचे, कामाला पाठवायचे. थोडक्यात, संसार मांडायचा. खेळ २०१४ चा. २०२२ साली मूळ खेळ फुकट झाला आणि तो आमच्या घरात आला. लेकीने त्यात एक फ्रेंच सरदार घराणे वसवले. वाडा झाला, झुंबरे झाली, पण बाईसाहेबांना हवा तसा झगा काही मिळेना. "पपा, बीएला तुमचा इतिहास होता ना?" तिने विचारले. इतिहासाच्या पदवीचा उपयोग मला प्रथमच कुणीतरी विचारत होते. नाही कसे म्हणणार?

या शिवणकामाची रीत अशी. खेळातलाच एखादा पायघोळ पोशाख 'सिम्स ४ स्टुडिओ'तून बाहेर काढायचा. 'ब्लेंडर'मध्ये त्याची त्रिकोणी-चौकोनी जाळी ओढून-ताणून नवा आकार द्यायचा. मग तो पोशाख सोलून सपाट पसरल्यासारखे जे चित्र मिळते त्यावर रेशीम, लेस, टाके सगळे रंगवायचे. शेवटी जाळीच्या प्रत्येक बिंदूला सांगायचे, तू कुठल्या हाडाबरोबर किती हलायचेस. मांडीला जास्त बांधले तर बाई चालताना झग्याची विजार होते. कमी बांधले तर बसताना गुडघे कापडातून बाहेर. आणि त्या काळी कमरेच्या दोन्ही बाजूंना वेताचे किंवा देवमाशाच्या तोंडातल्या पट्ट्यांचे सांगाडे बांधून घागरा रुंद करीत. खेळातल्या बाईला त्याची कल्पना नसते. ती हात खाली सोडते आणि पंजा थेट घागऱ्यात बुडतो.

मी निवडला तो 'रोब आ ला फ्रांसेज'. फ्रांस्वा बूशेने १७५६ साली काढलेले मादाम द पाँपादूरचे चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. हिरवा झगा, त्यावर गुलाबी फिती आणि हातात पुस्तक. पण चित्रात समोरची बाजू दिसते, आणि या झग्याचे वैभव पाठीवर असते. मानेखालून दोन मोठ्या बॉक्स प्लीट निघतात आणि जमिनीपर्यंत सुट्या कोसळतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून आपल्या हजारो वस्तूंची छायाचित्रे सर्वांना मुक्त वापरासाठी खुली केली आहेत. त्यांवरून महिनाभर खपून मी ती पाठ उभी केली. फक्त एक लबाडी केली. जाळी सोपी व्हावी म्हणून चुण्या कमरेत कापून खाली घागरा वेगळा जोडला.

संध्याकाळी बाबा मागे येऊन उभे राहिले. बाबा शिंपी. डिचोलीत त्यांचे दुकान होते. फ्रान्स त्यांनी नकाशावरसुद्धा पाहिला नसेल. चष्मा वर करून बराच वेळ पाहिल्यावर ते म्हणाले, "हें शिवूंक ना रे, रंगयलां."

मी म्हटले, बाबा, त्या काळी रंगवलेल्या कापडाचेच वेड होते. आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरचे हाताने रंगवलेले छीट तिथे इतके खपायचे की फ्रान्सने १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली आणि ती १७५९ पर्यंत टिकली. बाबा म्हणाले, कापड रंगवलेले चालते, शिवण रंगवलेली चालत नाही. मग त्यांनी पडद्यावर कमरेपाशी बोट ठेवले. एवढे महाग कापड इथे कापले कशाला? उद्या उसवून दुसरे काही करायचे झाले तर?

मी पुस्तक उघडले. जॅनेट अरनॉल्ड या बाईंनी जुने पोशाख मोजून त्यांचे नमुने काढून ठेवले आहेत. बाबांचे बरोबर होते! मागच्या चुण्या मानेपासून तळापर्यंत अखंड. रेशमाचा पन्हा वीसेक इंचांचा, किंमत जबर, त्यामानाने शिलाई स्वस्त. म्हणून कापड शक्यतो कापायचे नाही, चुण्यांत जिरवायचे. टाकेही सहज उसवता यावेत असे मोठे. संग्रहालयांतल्या कित्येक झग्यांवर उसवून पुन्हा शिवल्याच्या खुणा आहेत.

बाबांना हे पुस्तकात वाचावे लागले नाही. शाळेच्या मुलींच्या ट्युनिकच्या बॉक्स प्लीट त्यांनी जन्मभर घातल्या. जूनमध्ये शिवलेला गणवेश तीन वर्षे पुरला पाहिजे, म्हणून आत माया सोडायची. माझी अर्धी विजारही दरवर्षी उसवून लांब व्हायची. जुन्या मुडपीची गडद रेघ दिसायची, तिची मला वर्गात लाज वाटे.

खरे सांगायचे तर ती लाज पुढेही गेली नाही. नोकरी लागली तेव्हा "आता दुकान बंद करा, बरे दिसत नाही" असे मीच म्हटले होते. बाबांनी वाद घातला नाही. चवथीची कामे संपवली, गिऱ्हाइकांचे राहिलेले तुकडे परत केले आणि मशीन विकले. त्यांना विश्रांती दिली, असेच मी इतकी वर्षे सर्वांना सांगत आलो.

त्या रात्री बाबांनी पलंगावरची चादर ओढून माझ्या पाठीवर धरली आणि थरथरत्या बोटांनी चुण्या घालून दाखवल्या. पुढच्या रविवारी मी कमरेतला जोड काढून टाकला. पाठ मानेपासून तळापर्यंत एकसंध झाली. त्यांना दाखवले. मान डोलावून त्यांनी विचारले, "भितर माया कितली सोडल्या रे?"

जाळीच्या आत काहीच नसते; जाडी नाही, उलटी बाजूही नाही. खेळातल्या बाईचे अंग वाढत नाही की कापड महाग होत नाही. हे त्यांना कसे सांगायचे ते सुचेना. "दोन इंच," मी म्हटले.

"पुरे," बाबा म्हणाले आणि चष्मा काढून पुसू लागले.