फाव्हार नाट्यगृहातली ‘कारमेन’

पॅरिसच्या बड्या बुलवारवरून चालताना ऑपेरा-कॉमिकची इमारत चटकन लक्षात येत नाही. ती चक्क रस्त्याकडे पाठ करून उभी आहे! वळसा घालून पलीकडच्या चिमुकल्या चौकात गेले, म्हणजे तिचे दर्शन घडते. फाव्हार नाट्यगृह ते हेच. याच जागी ३ मार्च १८७५ रोजी जॉर्ज बिझेची ‘कारमेन’ प्रथम रंगभूमीवर आली. ती जुनी वास्तू १८८७ च्या आगीत गेली. आजची १८९८ सालची.

त्या काळी हे थिएटर घरंदाज कुटुंबांचे. इथल्या बॉक्समध्ये उपवर मुलामुलींची दाखवादाखवी होई! अशा मंडळींसमोर सिगारच्या कारखान्यातली एक बेबंद पोरगी भर रंगमंचावर भोसकली जाते, मग ती बिथरली नसती तरच नवल. बरोबर तीन महिन्यांनी बिझे वारला. वय अवघे ३६. ‘कारमेन’चा जगभरचा जयजयकार काही त्याच्या कानी पडला नाही.

मूळचा खेळ आपल्या संगीत नाटकासारखा होता: गाणे, मग बोलणे, पुन्हा गाणे. त्याच वर्षी ऑक्टोबरात व्हिएन्नातल्या प्रयोगासाठी एर्नेस्त गिरो या त्याच्या मित्राने बोलण्याच्या जागी गायनी संवाद घातले. पुढे कित्येक वर्षे जगाने तीच ‘कारमेन’ ऐकली.

जून २००९ मध्ये जॉन एलियट गार्डिनर यांनी बोलक्या संवादांसह, बिझेच्या काळच्या वाद्यांवर ती इथेच सादर केली, तेव्हा मी वरच्या सज्जात बसलो होतो. व्हायोलिनला धातूऐवजी तातीच्या तारा. पितळी वाद्यांचा आवाज धारदार, पण आटोपशीर. वाद्यवृंद गायकांच्या अंगावर धावून येत नाही. शब्द न् शब्द पोचतो.

आणि इथे शब्दालाच मोल आहे. मूळ संवादांत डॉन होसे अधिकाऱ्याला सांगतो, की घरच्यांना मला पाद्री करायचे होते. पण मला पेलोता या चेंडूच्या खेळाचे वेड. एकदा जिंकलो, कुणीतरी कुरापत काढली, मारामारी झाली आणि मुलूख सोडून मला पलटणीत यावे लागले. गिरोच्या आवृत्तीत ही हकीकत गळाली. उरला तो एक भोळा शिपाई आणि त्याला नादी लावणारी बाई! त्याचा हात कारमेन भेटण्याआधीच सुटलेला होता, हे कळणार कसे?

अखेरच्या अंकात सुरी निघाली, तेव्हा मला तिने फेकलेले फूल आठवले नाही. आठवला तो चेंडूचा डाव.